धुतलेलं नाव

आमचा मामा खापऱ्या धुतो. कुणाला सांगितलं तर मी थट्टा करतोय असंच वाटतं. पण जुन्या शहराच्या उत्खननात रोज टोपल्या भरभरून फुटकी मडकी निघतात, आणि त्यांची माती काढायला कुणीतरी लागतंच. तीस वर्षं मामा गोदामामागच्या नळाशी बसलाय. खोदणारे त्याला धोबीमामा म्हणतात.

ते शहर व्यापाऱ्यांचं. चार मुलखांची माणसं, चार लिप्या, आणि टेकडीवर बौद्ध भिक्खूंचा विहार. लोक विहाराला पाण्याचे घडे दान करत आणि वर शाईने लिहीत, कुणी दिला, कुणासाठी दिला. म्हणून मामाचा नियम असा, की खापरी आधी कोरडीच उजेडात धरायची, दोन्ही अंगांनी बघायची, मगच बादलीत. नव्या माणसाने हे चुकवलं की मामा त्याची बिनपाण्याने करायचा. ऐकून ऐकून आम्हा भाचरांना त्या नियमाचा अगदी वीट आला होता.

मामी गेली आणि आठव्या दिवशी हा कामावर हजर. "घरात बसून करू काय? भिंतींशी बोलू?" म्हणाला. त्याच दिवशी एक खापरी न बघता बादलीत गेली. ब्रश फिरवला तसं पाणी काळं झालं. अक्षरं दिसली, आणि बघता बघता गेली. हातात उरली कोरी खापरी, इतर हजारांसारखी.

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस त्याला घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तो लिपी वाचणाऱ्या बाईंकडे गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आता कामावरून काढतील, याची त्याला खात्री होती.

बाईंनी कागद पुढे सरकवला. "आठवतं तेवढं काढा."

मामाला ती लिपी वाचता येत नाही, पण तीस वर्षं बघून नजर बसलेली. शेवटच्या चार खुणा त्याने नीट काढल्या. आधीच्या काही केल्या आठवेनात.

"बायकोसाठी, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तिचं नाव त्याच्या आधी असणार."

"म्हणजे ते गेलं?"

"गेलं. पण चालायचंच, मामा. असे घडे पुष्कळ निघतात. उद्या या कामावर."

परत आल्यावर तो खोलीच्या दाराशी कुलूप हातात घेऊन उभा राहिला.

"बाईंनी एक शिवी दिली नाही रे," तो म्हणाला. "तुझी मामी असती तर महिनाभर बोलली असती. एका बाईचं नाव पुसून आलास म्हणून जेवू दिलं नसतं मला."

मग माझ्याकडे वळला. "तू तरी बोल काहीतरी."

मी तोंड उघडलं, पण मामाला रागवायला मला जमेना. तो थोडा वेळ थांबला आणि आत गेला.