काकांनी न मारलेला गोल

देवाने माणसाला हात दिले ते फक्त मैदानाबाहेर गेलेला चेंडू आत फेकण्यासाठी, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो पुलगावात आमच्या शेजारी राहतो. काका म्हणजे पगार घेऊन फुटबॉल खेळायला कलकत्त्याला गेलेला आमच्या गावातला पहिला माणूस. तिथे तीन हंगाम खेळले, गुडघा गेला, परत आले आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाचे वार्ताहर झाले. गुडघ्याने खेळ सोडला, काकांनी नाही. आमचं फाटक ते अजून पायानेच उघडतात. एका लग्नात भटजींच्या हातून नारळ निसटून मांडवभर घरंगळला, तो काकांनी तळव्याखाली अडवला आणि सवयीने नवरदेवाकडे पास दिला. नवरदेवाने मुंडावळ्या सांभाळत टुणकन बाजूला उडी मारली. काका माझ्या कानात म्हणाले, "पोरगा कच्चा हाये. बॉल आला तं पळून राह्यला. संसार काय करन हा?"

बातम्यांचंही तेच. नगरपालिकेच्या सभेत 'विरोधकांनी डावीकडून मुसंडी मारली, पण अध्यक्षांनी वेळकाढूपणा करून सामना बरोबरीत सोडवला.' आष्टीचे एक नव्वदीचे आजोबा वारले, तर 'जादा वेळेतही झुंजार खेळ करून त्यांनी मैदान सोडले.' संपादकांनी चिडून फोन केला, "अहो, माणूस गेलाय!" काका शांतपणे म्हणाले, "मंग मी कोठी लिवलं का आला म्हून?" आजोबांच्या घरच्यांनी मात्र ते कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

गेल्या वर्षी गावाने काकांचा सत्कार ठरवला. कारण तो गोल. कलकत्त्याच्या एका मोठ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला डोक्याने मारलेला आणि तिथल्या पेपरात काकांच्या नावाने छापून आलेला. माझे वडील तर तो असा रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, पास यांनीच दिला. चौकात भलामोठा फलक लागला. तो बघून काका तडक आमच्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी फाटक हाताने उघडलं.

"तो गोल माहा नाई," ते म्हणाले. "मी निस्ता पास देल्ला. मारला आमच्या लेफ्ट-आऊटनं. पेपरवाल्यानं नाव चुकवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेलतो, दुरुस्ती छापा म्हून. थो हासला. म्हणे, भेटलेला गोल वापस करते का कोणी?"

"मग इतकी वर्षं गावात सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगतलं ना! लोक म्हणे, काका लई साधे हायेत."

सत्काराच्या दिवशी सकाळी पेपरात काकांनी स्वतः लिहिलेली बातमी होती: 'सत्कारमूर्तींनी सदर गोल केलेला नाही.' खाली तो खरोखर मारणाऱ्याचं नाव, पाठीवरचा नंबर, सगळं. समिती खवळली, पण जेवणाची ऑर्डर गेली होती. समितीच्या अध्यक्षांचं पाठ केलेलं भाषण वाया गेलं. शेवटी शाल हातात धरून ते म्हणाले, "काकांनी जो गोल केला नाही, त्याबद्दल गाव त्यांचं ऋणी आहे." सर्वांत मोठ्याने काकाच हसले.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसले होते. सकाळच्या बातमीचं कात्रण पाकिटात घातलेलं, पाकीट कोरं.

"पत्ता सांगा, मी लिहून देतो," मी म्हटलं.

"कोणाचा? थो जाऊन पाच वर्षं झाले. घर कोठी हाये, मले मालूम नाई."

त्यांनी पाकिटाची घडी केली, खिशात ठेवली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले.

"लई चांगला खेळे बे थो," काका म्हणाले. "माह्याहून चांगला."