खुंट्यावरचा दुसरा हात

कामथडीच्या चंद्राबाईंना १९३७ साली वाटू लागलं, की आपलं डोकं ठिकाणावर नाही. वय अडतीस. चुलीवर दूध ठेवून त्या उंबऱ्यावर बसत. दूध उतू जाई, त्यांना कळत नसे. झोप उडाली होती. विनाकारण रडू येई.

दोन वर्षांपूर्वी नसरापुरात पिठाची गिरणी निघाली. नवरा आनंदराव भोरच्या कचेरीत शिपाई. आपल्या बायकोनं आता दळायचं नाही, असं सांगून त्यांनी जातं शेजारी धाकट्या भावाच्या घरी पोचवलं. शेत वाट्यानं दिलं. नाचणीची भाकरी बंद झाली. गिरणीचा पांढरा तांदूळ आणि चार वेळा गुळाचा चहा सुरू झाला. गावातल्या बायकांना हेवा वाटला. पहिले सहा महिने चंद्राबाईंनाही ते आवडलं.

पण पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर येई. पंधरा वर्षं चंद्राबाई आणि धाकटी जाऊ फुलाबाई समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावून दळत होत्या. आता चंद्राबाईंच्या जागी शेजारची बनाबाई बसे. दोघी हसल्या, की आपल्यालाच हसतात, हे चंद्राबाईंनी ठरवून टाकलं होतं.

अंगारा झाला, उतारा झाला. शेवटी भोरच्या वैद्यांनी नाडी पाहून खाणं आणि काम विचारलं. काम काहीच नाही, असं आनंदरावांनी अभिमानानं सांगितलं. वैद्यांनी औषध दिलं नाही. नाचणी खा, घाम गाळा, म्हणाले. आनंदरावांनी त्यांनाच अडाणी ठरवलं.

दुसऱ्या पहाटे चंद्राबाई सूपभर नाचणी घेऊन जावेच्या घरी गेल्या. वैद्यांच्या शब्दापेक्षा बनाबाईचा हात आपल्याला जास्त टोचत होता, असं त्या पुढे स्वतःच सांगत.

"ऊठ बने, जागा माजी हाय."

"दोन वरसं कुठं व्हती तुमची जागा?" बनाबाई म्हणाली. "तुमी तर गिरणीवाल्या."

फुलाबाईनं जातं थांबवलं. "अक्का, हात मऊ पडल्यात तुमचं. फोड येत्याल."

"येऊ देत."

फोड आले. तरी त्या रोज येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा फुलाबाईनं दोघींना एक दिवसाआड बसवलं. चंद्राबाई पुन्हा नाचणी खाऊ लागल्या. दोन महिन्यांत झोप लागू लागली, दूध उतू जायचं थांबलं. मग त्यांनी वाट्यानं दिलेलं शेतही परत घेतलं. बनाबाईच्या दिवशी त्या उजाडायच्या आत खुरपं घेऊन निघत. घरी थांबलं, तर ती घरघर ऐकावी लागे.