वाचनालयाला ग्रँट मागताना

ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो आणि भाऊसाहेब वकील आमचे सेक्रेटरी. मुन्सिपालटीची ग्रँट मिळावी म्हणून आम्ही दोघं इतक्या लोकांच्या ओसरीवर जाऊन बसलो, की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठले. पुस्तकं निदान वाचक घेऊन तरी जातात. किस्से माझ्याकडेच पडून आहेत!

*

बाळकुमच्या एका मिठागरवाल्या पाटलांकडे गेलेलो. वर्तमानपत्रं आली की जगात काय घडतंय ते कळतं, हे भाऊसाहेबांनी तासभर समजावलं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझे मिठागराचा बांध फुटला, तं शेजारी बोंबलून सांगतो. तुमचा कागद कवा सांगल?"

एवढे मुरलेले वकील, पण तोंडातून निघून गेलं, "आठवड्यानं!"

मी कपाळाला हात लावला. पाटील मात्र खूश. "वकील असून खरा बोलला!" म्हणाले, आणि चार बाकं करून पाठवली.

*

कल्याणच्या एका सावकारांचा निरोप आला, "घरातले सगळे ग्रंथ तुम्हाला देतो." कमिटी हार घेऊन दारात उभी! बैलगाडी आली, गोणी सोडल्या. नुसती पंचांगं! आजोबांच्या वेळेपासूनची!

दोन दिवसांनी त्यांचा माणूस धापा टाकत आला. वाटलं, चूक लक्षात आली.

"चालू सालचं चुकून आलंय हो, तेवढं परत द्या!"

*

इंग्रज कलेक्टरसाहेब भेटीला आले. साहेबांना मराठी वाचता यायचं. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, आणि नेमकं त्यातच त्यांच्या कारभाराचे वाभाडे काढलेले! भाऊसाहेब पांढरेफटक. साहेबांनी सगळं वाचलं, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवलं आणि निघून गेले.

नियम म्हणजे नियम. मी त्यांना पत्र लिहिलं, "अंक परत करावा." भाऊसाहेबांना कळलं तेव्हा ते हबकलेच. "अहो, वाचनालयाला कुलूप लावायचंय का?"

चौथ्या दिवशी चपराशी अंक घेऊन आला. समासात पेन्सिलीनं जागोजागी लिहिलेलं, "हे खोटे आहे."

एका ठिकाणी मात्र, "हे खरे आहे."

*

मुन्सिपालटीचे प्रेसिडेंट म्हणाले, "पैसा थोडा. रस्त्यावर दिवे लावू की पुस्तकं घेऊ?"

भाऊसाहेब म्हणाले, "दिवेच लावा. पहिला आमच्या दारात!"

आणि खरंच लावला! संध्याकाळी लोक त्या दिव्याखाली वाचत उभे राहायला लागले. आम्ही मोठ्या अभिमानानं प्रेसिडेंटना दाखवायला आणलं. ते म्हणाले,

"लोक रस्त्यावरच वाचतायत की! मग वाचनालयाला खोली हवी कशाला?"

*

ग्रँट शेवटी मंजूर झाली ती एका मतानं. ते मत वखारवाल्या शेठचं. त्यांची लाकडाची मोठी वखार, मुन्सिपालटीत मेंबर, पण अक्षरओळख नाही. कागदावर अंगठा उठवायचे. वाचनालय म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा, असं भर सभेत म्हणायचे.

म्हणून एका सभेत भाऊसाहेबांनी वाचकांची वही उघडली. "शेठ, सगळ्यांत जास्त पुस्तकं तुमच्याच घरी जातात!"

शेठ ताडकन उठले. "माझ्या घरी? माझ्या घरात वाचता कुणाला येतं?"

त्यांची मोलकरीण चिठ्ठी आणायची, पुस्तकं घेऊन जायची. मुनीम वाचत असेल, असं आम्ही धरून चाललेलो.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः वाचनालयात आले. माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली.

"मोलकरणीच्या हातातून घेतली. मालकिणीनं दिली म्हणते. वाचा."

सुंदर, वळणदार अक्षर. मी दोन पुस्तकांची नावं वाचली. तिसरी ओळ होती, "यांना कळू देऊ नये."

मी चिठ्ठी खाली ठेवली.

शेठनी कागदावर बोट ठेवलं. "ओळी तीन दिसतायत. तुम्ही दोनच वाचल्यात. ही काय?"

शेजारी बसलेले भाऊसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"ती... सही आहे," मी म्हणालो.

शेठ मटकन खाली बसले.

"तिला सही येते?"