परफेक्ट आणि लव्हली

मी रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरात एक डिक्शनरी फुकट मिळाली आहे असा माहेरच्यांचा समज आहे. खताच्या गोणीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं मलाच विचारतात. मीही चिडचिड करत का होईना, सांगते.

माहेर जोहे गावचं, घरचाच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. साच्यातून मूर्ती काढण्यापासून रंगापर्यंत सगळं भाऊ आणि वहिनी बघतात. डोळ्यांची आखणी मात्र बाबांची. आखणी झालेल्या मूर्तीची आमच्या कारखान्यात घरचं कोणी स्तुती करत नाही. देवाला दृष्ट लागते म्हणून, की आखणाऱ्याच्या डोक्यात हवा जाईल म्हणून, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. त्यामुळे बाबांच्या वाट्याला कौतुक यायचं ते फक्त गिऱ्हाइकांकडून. मुंबईचे एक गृहस्थ दरवर्षी येतात, मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहतात आणि 'परफेक्ट' म्हणतात. बाबांना इंग्रजी येत नाही, पण हा शब्द येतो. तो ऐकला की ते दिवसभर खुशीत असायचे.

यंदा एका रविवारी मी रोह्याहून माहेरी गेले, तेव्हा ते गृहस्थ मूर्ती पसंत करून नुकतेच गेले होते. बाबा ब्रश धूत बसले होते.

"लव्हली म्हंजे काय गो?" त्यांनी विचारलं.

"छान."

"आनि परफेक्ट?"

"तेही छानच."

"मंग दोन शब्द कशाला?"

वर्गात कोणी असं विचारलं असतं तर मी खूश झाले असते. इथे मला त्या गृहस्थांचा राग आला. दरवर्षीचा शब्द म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि खोटं त्यांना चटकन कळतं. मग मी सांगितलं. परफेक्ट म्हणजे ज्यात काही घालायला नको, काढायला नको. लव्हली म्हणजे जीव जडावा असं. त्यात काही उणं असलं तरी बघणाऱ्याला ते गोडच वाटतं.

"म्हंजे चूक दिसली त्यांना. पन आवडली."

"असंच काही नाही, बाबा. लोक बोलताना एवढा विचार करत नाहीत."

"ते करतात," बाबा म्हणाले.

ते मला त्या मूर्तीजवळ घेऊन गेले. डाव्या डोळ्याची खालची रेघ कोपऱ्याशी किंचित जाड झाली होती. मला ती दिसली नसती. त्यांनी दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

"हात हलला. पुसून परत काढली, परत हलला. मंग तशीच ठेवली. म्हटलं, कोनाला दिसनार नाय."

त्यांनी तिथूनच वहिनीला हाक मारली, ब्रश तिच्या हातात दिला आणि आखायच्या राहिलेल्या मूर्ती दाखवल्या. "मी नाय, बाबा," ती घाबरून म्हणाली. पण बाबांनी तिला पाटावर बसवलं आणि तिची पहिली रेघ पुरी होईपर्यंत मागे उभे राहिले. रेघ स्वच्छ आली. एकदाही हलली नाही.

मग ते बाहेर पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले.

"आता उद्यापास्नं सकाळी उठून मी काय करू गो?"

मला रडू आलं. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. असं हात धरून बसायची आमच्याकडे पद्धत नाही. बाबांनी तो काढून घेतला नाही.