मीटरकाकांच्या तोंडची गल्ली

माझ्या काकांनी चौतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. आमच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत मीटर घराच्या आत असायचे, कुणाचा कपाटावर तर कुणाचा न्हाणीघराच्या दारामागे. त्यामुळे महिन्यातून एकदा काका प्रत्येक घरात स्टुलावर चढायचे, बॅटरी मारायचे, आकडा लिहायचे आणि उतरायचे. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून' हा टोमणा लोक एकमेकांना मारतात. काकांना त्याच कामाचा पगार मिळत होता.

मात्र या घरातलं त्या घरात त्यांनी कधी केलं नाही. म्हणून तर लोक मीटरकाका म्हणून हाक मारत आणि बिनघोर दार उघडत. मग नवे मीटर आले, ते आपले आकडे आपणच कळवू लागले, आणि काका निवृत्त झाले. काकू आधीच गेलेली. घरी बसून काका वाळायला लागले. एकदा त्यांनी मला सरळच सांगितलं की पूर्वी साठ घरं दार उघडायची, आता एकाही घरी जायला कारण उरलेलं नाही.

आमची गल्ली दिसायला बरी आहे, यात आमचा काही दोष नाही. खालच्या चौकातले गाइड छत्री उंच धरून तीस-तीस माणसं वर आणायचे. ती माणसं आमच्या वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढायची आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पायऱ्यांवर ठेवून जायची. कमाई चौकातच राहायची. शेवटी वाचनालयाच्या बाईंनी डोकं लढवलं. गल्ली आपली, तर ती आपणच दाखवू. एका वेळी दहाच माणसं, आणि जे मिळेल त्यातून पायऱ्यांना कठडा. समिती झाली, लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाटाड्या म्हणून काकांचं नाव एकमताने ठरलं, कारण प्रत्येक घर त्यांना आतून माहीत. आतून नेमकं काय माहीत, हा विचार एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

पहिल्या दिवशी काका गुळगुळीत दाढी करून, नोकरीतला खाकी शर्ट घालून उभे राहिले आणि चौतीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. म्हणे, शिंपीमास्तरांच्या घरात सात माणसं, पण बिल दोघांचं. सुईत दोरा ओवण्यापुरता दिवा लागतो, बाकीचा संसार अंधारात. वरच्या मास्तरीणबाई तब्येतीसाठी बारा महिने गार पाण्याने आंघोळ करतात, पण त्यांच्या मीटरचं मत वेगळं आहे. घरोघरी मातीच्या चुली असतील, काका सांगायचे, पण युनिट सारखे नसतात. पाहुणे पोट धरून हसायचे. फोनवर कौतुकाचा पाऊस पडला, तीन महिन्यांच्या फेऱ्या भरल्या, अर्धा कठडा उभा राहिला. लोकांनी काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि चढायची सवय काकांना होतीच.

गल्लीसुद्धा आधी हसली. शिंपीमास्तरांना गार पाण्याची गोष्ट फार आवडली. स्वतःची तितकीशी आवडली नाही.

गल्लीच्या मध्यावर इस्त्रीवाल्या मावशी राहतात. पायऱ्यांकडे उघडणारी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर कपड्यांचे गठ्ठे. त्यांचे यजमान काकांचे जिवाभावाचे मित्र, ते जाऊन पाच वर्षं झाली. तिथे आलं की काका खिडकीपासून दोन पायऱ्या अलीकडे थांबायचे आणि आवाज खाली आणायचे. "या घरातलं एक माणूस कमी झालं, पण युनिट कमी झाले नाहीत. त्याचा रेडिओ, त्याचा पंखा, दिवसभर चालू असतो. रिकाम्या खुर्चीला वारा घालतेय बिचारी." पाहुणे डोळे पुसायचे. काकासुद्धा पुसायचे, आणि ते काही नाटक नव्हतं.

एके दिवशी एक पाहुणी भारावून थेट खिडकीशी गेली. मावशींच्या एका हातात गरम इस्त्री होती. दुसरा हात धरून ती म्हणाली की मला तुमचं दुःख कळतं. मावशींनी हात सोडवला, इस्त्री उभी ठेवली आणि खिडकी लावून घेतली. ती दुसऱ्या दिवशी उघडली नाही, आठवड्यानेही नाही. कपडे मागच्या दाराने येऊ-जाऊ लागले.

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. वाचनालयात बैठक झाली आणि बाईंनी नियम केला: ज्या घराबद्दल जे सांगायचं ते त्या घराने चिठ्ठीवर लिहून द्यावं, आणि काकांनी तेवढंच वाचावं. महिनाअखेर एका जरी घराची चिठ्ठी आली नाही, तर फेऱ्या बंद.

चिठ्ठ्या आल्या. 'या घरात आजवर भांडण झालेलं नाही' असं एकोणीस घरांनी लिहिलं होतं. त्यातल्या दोन घरांचं भांडण तर चिठ्ठी कुणी लिहायची यावरूनच झालं होतं, मी साक्षीला होते. मावशींकडची चिठ्ठी मात्र तीनदा कोरी परत आली.

शेवटी काका स्वतः मागच्या दाराशी गेले. मी बरोबर होते. "वहिनी," एवढंच म्हणून ते थांबले. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "भाऊजी, आकडा वाचायला तुम्हाला आत घेतलं होतं."

काका घरी येऊन बूट न काढता बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दहा पाहुणे होते. काकांनी एकेक चिठ्ठी वाचली. बिनभांडणाच्या सातव्या घराशी लोक जांभया द्यायला लागले. मावशींच्या बंद खिडकीपुढून निमूट पुढे जाता आलं असतं, पण एकाने विचारलंच की इथे कोण राहतं.

काका म्हणाले, "इथे माझ्या वहिनी राहतात. त्यांच्याबद्दल मी लोकांना बरंच सांगितलं. मला फक्त आकडा माहीत होता, बाकीचं मी मनाने जोडलं." मग घसा खाकरून म्हणाले, "माझ्या मीटरचं मी कधी सांगितलं नाही. बायको गेली आणि माझे युनिट निम्म्यावर आले. आतल्या खोलीत मी दिवाच लावत नाही. लावला की ती नाही हे दिसतं."

मी काकांची सख्खी पुतणी, मलाही हे माहीत नव्हतं.

खिडकी उघडली. मावशी काकांकडे न बघता पाहुण्यांशी बोलल्या. "तो रेडिओ मला कधीच आवडला नाही. बंद करा, बंद करा म्हणून रोज भांडायचे यांच्याशी. आता बंद केला तर मी जिंकल्यासारखं होईल. मला नाही जिंकायचं."

काकांना राहवलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "आणि पंखा?"

"पंखा माझ्यासाठी आहे. दिवसभर इस्त्रीशी उभं राहून बघा, भाऊजी."

मग त्यांनी माझ्याकडून पेन आणि कोरी चिठ्ठी मागून घेतली, टेबलावर ठेवून एक ओळ लिहिली आणि काकांच्या हातात दिली. चिठ्ठी मोठ्याने वाचायची हा नियमच होता. काकांनी चष्मा लावला, दहा माणसांपुढे वाचलं, "इथलं मी सांगेन, मनात असेल तेव्हा," आणि उजेड अडतोय म्हणून सगळ्यांना खिडकीपासून बाजूला व्हायला सांगितलं.