कोमट म्हणजे किती?

लढाईच्या वर्षांत मी गोंदियाच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. दारूचा थेंब कधी ओठाला लावला नव्हता आणि लावणाऱ्यांविषयी माझं मत फार कडक होतं. त्यामुळे रेल्वेतून निवृत्त झालेला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर औषधाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, घरी बियर करायची आहे, तुमचा थर्मामीटर द्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"तो तापाचा आहे," मी म्हटलं. "पंच्याण्णवच्या खाली दाखवत नाही आणि उकळत्या भांड्यात घातला तर फुटेल. पारा पिणार का?"

म्हातारा हलला नाही. महिनाभरापासून तो माझ्याकडून काडेचिराईत नेत होता. मला वाटायचं, जुना हिवताप असेल. ते बियर कडू करायला होतं हे त्या दिवशी कळलं आणि त्याचाही राग आला.

मग त्याने कोटाच्या खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली. आत चिखलासारखं काहीतरी होतं. ते खमीर होतं. त्याची बायको कित्येक वर्षं त्याच खमिरावर पाव भाजायची, त्यातूनच बियरही करायची, आणि दर वेळी थोडं पुढच्यासाठी राखून ठेवायची. पावसाळ्यात ती वारली. दिवाळीच्या सुमारास म्हाताऱ्याने खमिराचे दोन भाग केले आणि एक भाग जवाच्या उकळलेल्या पाण्यात घातला. पाणी कोमट झालं की घाल, एवढंच बायकोने कधीतरी सांगितलेलं. त्याने बोट बुडवलं, कोमट लागलं, ओतलं. खमीर मेलं.

त्याने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. उभा जन्म इंजिनाच्या भट्टीपुढे काढलेले ते हात म्हशीच्या कातड्यासारखे झाले होते. "हाथ को तो कुछ लगता ही नहीं, बाबू," तो म्हणाला. उरलेला भाग त्या बाटलीत होता. तोही आंबट वास मारायला लागला होता. जवाच्या पाण्यातलं लवकर काही खायला मिळालं नाही तर तोही जाणार, आणि मग बायकोच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

मी नरमलो. नरमलो कसला, ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

शोधाशोध करून दोन थर्मामीटर मिळाले. एक त्याच्याच पेटीच्या तळाशी विसरून पडलेला, पितळी कवचाचा. दुसरा बाजारातल्या फोटोग्राफरचा, काचेची साधी कांडी, रसायनांनी पिवळी पडलेली. ती मी सोड्याने इतकी घासली, की आकडे पुसले जातात की काय असं वाटलं. शनिवारी दोन्ही घरी आणले, स्टेशनवरून बर्फाचा खडा मिळवला आणि त्याच्या पाण्यात दोन्ही उभे केले. दोघांनी बरोबर बत्तीस दाखवलं, फॅरनहाइटच्या मापात बर्फाचा हाच आकडा. मी लगेच निकाल दिला: पितळी. वजनदार होता, आकडे कोरलेले होते, दिसायला साहेबी होता.

बायको शेजारी तांदूळ पाखडत बसली होती. तिला सगळी हकिकत ठाऊक होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "बरफात पाहून काय होते जी? त्यायची बियर का बरफात राहणार हाये? जेथं काम पडते तेथं पाहा ना. बरफात तर कोनीबी खरंच बोलंल."

मला झोंबलं. पण बाईचं चुकत नव्हतं. मी तापाचा थर्मामीटर काढला आणि तपेल्यातलं पाणी त्यावर शंभर दाखवेपर्यंत ऊन केलं. मग दोन्ही उमेदवार त्यात बुडवले. काचेच्या कांडीने शंभर दाखवलं. पितळी साहेब शहाऐंशीवर जाऊन बसले ते उठेचनात. ऊब वाढली की तो मागे पडत होता. हाच मी त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला असता तर उरलेलं खमीरही भाजून मेलं असतं. बायको पुन्हा पाखडायला लागली, तेवढी तिची मेहेरबानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याच्या ओसरीवर जवाच्या उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवलं. त्याच्याकडच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात पंच्याहत्तर लिहिलं होतं, तेव्हा पंच्याहत्तर ठरलं. पौषातला वारा होता तरी पाणी निवता निवेना. मध्येच त्याने बोट घातलं आणि म्हणाला, "हो गया, बाबू. कोमट है."

मी कांडी पाहिली. एकशे वीस.

"बाटलीला हात लावायचा नाही!" मी त्याच्यावर ओरडलो. बापाच्या वयाचा माणूस, पण ओरडलो. त्याने बोट फडक्याला पुसलं. दुपारी पारा पंच्याहत्तरवर आला तेव्हा त्याने बाटली तिरकी केली. मी त्याचं मनगट धरलं होतं.

रात्रभर झोप नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची खिडकी अर्धवट लावून मी त्याच्याकडे गेलो. म्हातारा पातेल्यापाशी स्टुलावर बसला होता. त्याने फडकं उचललं. वर चार बोटं फेस आला होता, आणि कान दिला तर आतून बारीक बुडबुड ऐकू येत होती. माझे डोळे भरून आले. बियरसाठी! घरी हे कुणाला सांगितलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कधी पिणार?"

"मैं?" त्याला नवल वाटलं. "मैं कहाँ पीता हूँ. शादी के साल उसने छुड़वा दी. इंजन-शेड के लड़के ले जाएँगे, उसके टाइम भी वही ले जाते थे."

"मग एवढा खटाटोप कशाला? पाव तरी करायचा."

त्याने फडकं पुन्हा जागच्या जागी पसरलं, कडा दाबल्या.

"रोटी बनाना नहीं आता, बाबू. उम्रभर पानी उबाला है, वही आता है. और इसको भूखा तो नहीं रख सकते ना."