भाऱ्याची गाठ

लेकीचं पहिलं बाळंतपण बंगळूरला. नागपूरहून विमानानं जायचं ठरलं आणि मूल गावच्या बाजारापलीकडे कधी न गेलेले आमचे हे एकदम आभाळात निघाले. साठी ओलांडलेली, उभा जन्म धानात गेलेला.

खुर्चीचा पट्टा टक्कन लागला, तो काही ह्यांना पटला नाही. "एवढ्याशा खिट्टीचा काय भरोसा?" म्हणत खांद्यावरचा दुपट्टा काढला, पट्ट्यातून ओवून खुर्चीच्या दांड्याला आवळला. धानाच्या भाऱ्याला मारतात तीच गाठ, ओढाल तितकी घट्ट होणारी. "आता इमान उलटं झालं तरी मी हालत नाई." खोटं कशाला बोलू, मलाही धीर आला.

विमानातली मुलगी पट्टे तपासत आली. "काका, दुपट्टा सोडा."

ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझं डोकं सटकलं. "त्याईच्या दुपट्ट्यानं तुझं काय बिघडून राह्यलं वो बाई?"

पोरगी चिडली नाही. खाली बसून नखांनी गाठ सोडायला लागली, घामाघूम झाली, पण सोडूनच उठली. मग ह्यांना डोळे मिटून पट्टा उघडायला लावला. ह्यांचा अंगठा जीपच्या पट्ट्याला असतं तसं बटण शोधत बाजूला जायचा. ती पुन्हा खिट्टी वर उचलायला लावायची. "आणि दार तुमच्या पाठीमागं आहे, लक्षात ठेवा." मी मनात म्हटलं, मोठी शहाणी!

बंगळूरला चाकं टेकली, विमान थांबलं आणि जळक्या रबराचा वास आला. बघता बघता धूर. "सामान सोडा! बाहेर पडा!" तीच पोरगी ओरडत होती. माझा हात पायाशी ठेवलेल्या डिंकाच्या लाडवांच्या पिशवीकडे गेला. तेवढ्यात शेजारी टक्कन वाजलं. ह्यांनी माझं मनगट धरलं. "मरू दे ते लाडू! मागं चाल, वाकून चाल!" दारात तिनं आम्हाला घसरगुंडीवर ढकललं, अक्षरशः ढकललं.

कोणाला काही झालं नाही. गवतावर हे खोकत बसले होते, दुपट्टा गळ्यात. तो बघितला आणि मला ती गाठ आठवली. अगं बाई! भाऱ्याची ती गाठ आम्ही खळ्यावर सोडत नाही, विळ्यानं कापतो. त्या धुरात मी विळा कुठून आणला असता?

पोरगी सगळ्यांत शेवटी उतरली. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, काका ठीक आहेत ना?" तिनंच विचारलं. देवा, जिथं असेल तिथं तिला सुखात ठेव.

संध्याकाळी दवाखान्यात लेकीनं बाळ ह्यांच्या मांडीवर दिलं. माझे रिकामे हात बघून म्हणाली, "आई, लाडू नाई आणले?"

"लाडू राह्यले विमानात," मी म्हटलं. "तुझा बाप आणला."